व्हिक्टोरिया स्पंज: आधी डोंगर, मग खड्डा, मग वीट

प्रश्न विचारणारी मुलगी लग्न होऊन वर्षभरापूर्वी इंग्लंडमधल्या लेस्टरला आली आहे. ती लिहिते: "काकू, घर लावताना शेजारच्या आजी-आजोबांनी आम्हाला खूप मदत केली. त्यांना रविवारी हाय टीला बोलवायचंय आणि व्हिक्टोरिया स्पंज, तो मध्ये जॅम भरलेला दोन थरांचा केक, घरीच करायचाय. चार अंडी, आणि बटर, कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर), सेल्फ-रेझिंग मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम. फॅन ओव्हन १८० वर. तीनदा केला. पहिल्यांदा मधोमध डोंगर आला आणि वर तडा गेला. दुसऱ्यांदा नीट फुगावा म्हणून दोन चमचे बेकिंग पावडर जास्त घातली, तर मध्ये खड्डा. तिसऱ्यांदा मिश्रण फाटलं म्हणून मैदा घालून मशिनने खूप फेटलं, तर वीट झाली. रेसिपीच चुकीची आहे का? आणि त्याच आठवड्यात सासूबाई येताहेत, त्या अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी याच केकमध्ये अंड्याऐवजी काय घालू?"

रेसिपी अगदी बरोबर आहे गं, तिला हात लावू नकोस. (वयाने लेकीसारखी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.) डर्बीशरमधल्या एका टी-रूमच्या स्वयंपाकघरात मी १९ वर्षं हाच केक करते आहे. एरवी रोज तीन-चार, उन्हाळ्यातल्या शनिवारी डझनभर. प्रमाण तेच. तुझे तीन केक तीन वेगळ्या कारणांनी बिघडले, आणि प्रत्येक वेळी तू आधीची चूक तशीच ठेवून वर एक नवी घातलीस.

डोंगराचं कारण फॅन ओव्हन. पुस्तकातलं १८० हे साध्या, बिनपंख्याच्या ओव्हनचं असतं. पंखा असेल तर १६०. फॅनच्या १८० वर कडेचं मिश्रण फार लवकर शिजून घट्ट होतं, वर पापुद्रा धरतो, आणि मधलं मिश्रण मात्र अजून पातळ असतं. ते फुगायला लागतं तेव्हा त्याला वरचीच वाट उरते, म्हणून डोंगर. पापुद्रा आधीच वाळलेला, म्हणून तडा. मधल्या कप्प्यात ठेव, दोन्ही टिन शेजारी शेजारी मावत असतील तर एकाच कप्प्यात. काळ्या रंगाचे टिन असतील तर कडा आणखी लवकर भाजतात, तेव्हा पाच मिनिटं आधीपासून लक्ष ठेव. मिश्रण टिनमध्ये घातल्यावर चमच्याच्या पाठीने मध्ये अगदी किंचित खोलगट कर.

आणि ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर विकत घे. माझ्या घरचा ओव्हन १८० म्हणतो तेव्हा आत १९५ असतं, हे मला तो आणल्यावर कळलं. तोवर कितीतरी वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होते.

खड्ड्याचं कारण तू स्वतःच लिहिलं आहेस. सेल्फ-रेझिंग मैद्यात बेकिंग पावडर मुळातच असते. त्यावर आणखी दोन चमचे घातलेस की गॅस भसाभस सुटतो, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यांच्या भिंती पातळ होतात, आणि अंडं-मैदा शिजून घट्ट व्हायच्या आत त्या फुटतात. छत टेकूशिवाय उभं राहील कसं? त्यात पंधराव्या मिनिटाला दार उघडून डोकावली असशील तर संपलंच. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही, काचेतून बघायचं.

आता वीट. ही चूक समजली की बाकीचा केक आपोआप समजतो, म्हणून इथे जरा वेळ काढते.

आपल्याकडे नानकटाईला तूप आणि पिठीसाखर तळहाताने कशी फेसतात, आठवतंय? आजी परातीत बसून फेसत राहायची, तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. थेंब पाण्यात टाकून तरंगतो का बघायची. ती नेमकं काय करत होती? तुपात हवा कोंडत होती. व्हिक्टोरिया स्पंजचं सगळं मर्म तेवढंच आहे. साखरेचे बारीक, टोकदार कण बटरमधून फिरताना बटरमध्ये लाखो बारीक बुडबुडे अडकवतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. तिचा गॅस आधीपासून असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फक्त मोठं करतो. म्हणजे फेसतानाच बुडबुडे कमी पडले तर पुढे कितीही पावडर घाला, केक भरड आणि दडस होणार. खूप आणि बारीक असतील तर जाळी अशी पडते की बोटाने दाबलं तर केक परत वर येतो.

यासाठी बटर बरोबर मऊ हवं. १८ ते २० अंश, म्हणजे बोट सहज रुतेल, पण बटर चकचकीत किंवा तेलकट दिसणार नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात स्वयंपाकघर १५ अंशांवर असतं, तेव्हा तासाभरापूर्वी बाहेर काढलेलं बटर दगडच राहतं. आदल्या रात्री काढून ठेव. विसरलीस तर त्याचे चौकोनी तुकडे कर, दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेव आणि पाणी निथळून टाक. मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस, कारण एका कोपऱ्यात पाणी होतं, दुसरा कोपरा तसाच राहतो. वितळलेलं बटर हवा धरत नाही, आणि पुन्हा थिजवलं तरी आधीसारखं होत नाही.

हँड मिक्सरने पाच मिनिटं फेस, लाकडी चमच्याने केलंस तर दहा-बारा. दर दोन मिनिटांनी भांड्याच्या कडा खरवडून घे. पिवळं बटर फिकट, जवळजवळ पांढरं झालं पाहिजे आणि आकाराने स्पष्ट वाढलं पाहिजे. बहुतेक लोक इथे दोन मिनिटांत थांबतात. साखर कॅस्टरच हवी. दाणेदार साखर जाड असते, ती नीट विरघळत नाही आणि भाजल्यावर वर पांढरे ठिपके दिसतात. पिठीसाखरेला टोकंच नसतात, तिच्याने केकला पुरेल एवढी हवा कोंडली जात नाही. (नानकटाईत ती चालते, कारण तिथे खुसखुशीतपणा हवा असतो, जाळी नको असते.)

मग अंडी. तीही खोलीच्या तापमानाची. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी, बटरमध्ये चार पंचमांशाहून जास्त स्निग्ध पदार्थ. या दोघांना एकत्र नांदवायचं तर घाई चालत नाही. थंड अंडं पडलं की बटर आक्रसतं आणि पाणी वेगळं पडतं, त्यालाच आपण मिश्रण फाटलं म्हणतो. अंडी वाटीत फेटून घे आणि एका वेळी चमचा-दीड चमचा घाल, आधीचं पूर्ण मिसळल्याशिवाय पुढचं नाही. शेवटच्या अंड्याला मिश्रण फाटेल असं वाटलं तर मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा त्यात टाक, सावरतं. फाटलंच तर भांडं कोमट पाण्यात एक मिनिट धर आणि फेट. फाटलेल्या मिश्रणाचा केकही खाण्याजोगा होतो, थोडा कमी फुगतो, एवढंच. घाबरून जाण्यासारखं काही नसतं.

तू घाबरलीस, आणि मैदा घातल्यावर मशिन चालवलंस. तिथे वीट झाली. मैद्याला ओल लागून घुसळण मिळालं की त्यात चिवटपणा येतो. पोळीच्या कणकेला आपण मळून मळून तोच चिवटपणा आणतो, केकला तो नको. म्हणून मैदा पडेपर्यंत मनसोक्त फेटायचं, मैदा पडला की हात आवरायचा. मैदा दोनदा चाळून घे. धातूचा मोठा चमचा घे, लाकडी जाड चमच्याने हवा दबते. मधून खाली कापत जा, तळातून वर उचल, भांडं थोडं फिरव, पुन्हा तेच. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांब. आपल्याकडे "एकाच दिशेने फिरवा" असं ज्याला त्याला सांगतात, त्याचा इथे काही संबंध नाही. दिशा कुठलीही असो, चमचा कमी वेळा फिरला पाहिजे.

शेवटी मिश्रण चमच्यात घेऊन भांड्यावर धर आणि हलकेच झटका दे. धप्पकन पडलं तर बरोबर. चिकटून बसलं तर एक-दोन चमचे दूध. ओघळलं तर दूध जास्त झालंय, मुकाट्याने भाज.

अंड्यांचं एक राहिलं. सुपरमार्केटमधली लार्ज अंडी घेतली असशील. ती कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅमची असतात, मीडियम ५३ ते ६३ ची. जुनं प्रमाण एका अंड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास. चार अंड्यांना आठ औंस, तेच तुझं २२५. म्हणजे ते मीडियम अंड्यांचं गणित आहे. लार्ज चार घातलीस की अंडं जास्त होऊन केक जरा रबरी लागतो. माझी पद्धत सगळ्यात जुनी: चारही अंडी कवचासकट तराजूवर ठेवायची, जो आकडा येईल तेवढंच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. २४० आलं तर सगळं २४०. रेसिपी पाठ करायची गरजच उरत नाही. चार अंड्यांना ८ इंची (२० सेंमी) दोन टिन, तीन अंड्यांना ७ इंची.

ही पद्धत किती जुनी, तर इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेवरच्या पुस्तकात "व्हिक्टोरिया सँडविचेस" आहेत: चार अंडी, आणि त्यांच्याच वजनाचं लोणी, साखर, मैदा. बेकिंग पावडरचं नाव नाही, सगळं मिश्रण दहा मिनिटं घोटायचं, भाजून जॅम लावायचा आणि लांबट बोटांसारखे तुकडे करून एकमेकांवर आडवेउभे रचायचे. गंमत म्हणजे तोवर पावडर बाजारात होती. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या केमिस्टने ती १८४३ मध्ये काढली, बायकोला यीस्ट चालत नसे म्हणून. तिला अंडंही चालत नसे, म्हणून या गृहस्थाने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर आधीच करून ठेवली होती. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने १८४५ मध्ये सेल्फ-रेझिंग मैद्याचं पेटंट घेतलं. आज आपण जो उंच, मऊ केक करतो तो या दोघांच्या कृपेने. नाव मात्र राणी व्हिक्टोरियाला मिळालं.

सगळं एकदम भांड्यात टाकून दोन मिनिटं फिरवण्याची पद्धतही आहे. ती वाईट नाही. त्यात टबमधलं मऊ बेकिंग स्प्रेड वापरतात आणि फेसायचं काम वाचल्यामुळे हवा कमी पडते, म्हणून तिथे चमचाभर बेकिंग पावडर जास्त लागते. तू बहुधा ती रेसिपी आणि ही रेसिपी एकत्र केलीस, पावडर तिथली आणि बटर इथलं. टी-रूममध्ये गर्दीच्या दिवशी मीही एकदम-पद्धत करते, कुणाला कळत नाही. पण बटरचा वास आणि दुसऱ्या दिवशीची चव फेसलेल्यालाच.

भाजायला २० ते २५ मिनिटं. घड्याळापेक्षा केककडे बघ: कडा टिनपासून सुटू लागतात, मधोमध बोटाने दाबलं तर वर येतं, आणि कान लावलास तर बारीक चर्र आवाज जवळजवळ थांबलेला असतो. आवाज जोरात असेल तर आत अजून ओल आहे. सुई घालून बघायचं असेल तर घाल.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं टिनमध्येच, मग टिन उलटं करून बाहेर. इथे माझीच एक फजिती. इथल्या गावोगावच्या उन्हाळी मेळाव्यांत व्हिक्टोरिया सँडविचची, म्हणजे याच केकची, स्पर्धा असते आणि नियम कडक: आत रास्पबेरी जॅमच, क्रीम नाही, वर कॅस्टर शुगरच, आयसिंग शुगर (पिठीसाखर) नाही. आल्याच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात केक नेला. परीक्षक बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, "चव उत्तम, पण जाळीचे वळ." गरम केक मी तोंड खाली करून तारेच्या जाळीवर ठेवला होता, वर झेब्र्यासारखे पट्टे. त्यासाठी गुण कापतात! तेव्हापासून आधी स्वच्छ सुती पंच्यावर उलटा काढते आणि मग सुलटा करून जाळीवर ठेवते. शेजारच्या आजी गुण कापणार नाहीत, पण बघतील नक्की.

पूर्ण गार झाल्याशिवाय भरण नाही. खालचा केक सपाट बाजू वर येईल असा उलटा ठेव, त्यावर जॅम, मग दुसरा केक सुलटा, वर चिमूटभर कॅस्टर शुगर भुरभुर. घरच्या चहाला क्रीम घालायला हरकत नाही: १५० मिली डबल क्रीम मऊ फेटून, साखर न घालता, वाढायच्या अर्धा तास आधी. बटरक्रीम मला स्वतःला जड वाटतं, आधीच केकमध्ये पाव किलो बटर आहे. जॅमवाला केक डब्यात बाहेरच ठेव, दोन-तीन दिवस टिकतो. फ्रिजमध्ये ठेवलास तर बटर थिजून केक पुन्हा वीट होईल, आणि तू मला चौथा प्रश्न विचारशील. क्रीम भरलंस तर मात्र फ्रिजला पर्याय नाही, म्हणून जेवढा खपेल तेवढाच भर.

पुण्या-मुंबईहून हे वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. सेल्फ-रेझिंग मैदा मिळत नसेल तर १५० ग्रॅम मैद्याला दोन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर घालून तीनदा चाळा. आपली अंडी सहसा लहान असतात, तेव्हा वजन करूनच. साखर मिक्सरला दोन-तीन झटके देऊन बारीक करा, पूड होऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते, बटर ३५ अंशांच्या खोलीत तेलच होतं. तेव्हा ते फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत फेसायला घ्या आणि भांड्याखाली गार पाणी ठेवा. ओटीजीमध्ये वरची कॉइल फार जवळ असते, म्हणून खालचा कप्पा. दोन टिन मावत नसतील तर दोन अंड्यांचं मिश्रण दोनदा करा, अर्धं मिश्रण ताटकळत ठेवू नका.

आता आमंत्रण. "हाय टी" म्हणू नकोस. आपल्याकडच्या हॉटेलांनी तो शब्द फिंगर सँडविच आणि पेस्ट्रीला चिकटवलाय, पण इथे हाय टी म्हणजे कामगार घरांतलं संध्याकाळचं पोटभर जेवण, गरम मांस, बटाटे, ब्रेड आणि सोबत चहा. उंच टेबलाशी बसून खायचं म्हणून "हाय", असं सांगतात. आणि लेस्टर, डर्बी, तिथून वर उत्तरेकडे नुसतं "टी" म्हटलं तरी पुष्कळ घरांत रात्रीचं जेवणच समजतात. आजी-आजोबा सहा वाजता उपाशी पोटी येतील आणि तू समोर केक ठेवशील! "रविवारी साडेतीनला चहा आणि केक" असं सरळ सांग. केकच्या आधी काकडीचे सँडविच ठेव: साल काढून पातळ चकत्या, मीठ लावून पंधरा मिनिटं, मग पिळून घे, नाहीतर ब्रेड भिजतो. चहा किटलीत, दूध वेगळं. आलं-वेलची दुसऱ्या फेरीला. माझ्या अनुभवात ती फेरी ते मागून घेतात.

राहिल्या सासूबाई. याच केकमधली अंडी काढून दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून "व्हिक्टोरिया" करायच्या भानगडीत पडू नकोस. यात अंडं म्हणजे एक चतुर्थांश केक, उभं राहायचा सगळा आधार त्याचाच. तो काढला की उरतो तो दुसराच पदार्थ, आणि तो दुसरा पदार्थ आपल्या आया कित्येक वर्षं उत्तम करत आल्या आहेत: रवा, दही, साखर, तूप, वेलची, वर बदामाचे काप. तोच कर, वेगळ्या टिनमध्ये, वेगळ्या चमच्याने, आणि वेगळ्या ताटलीत ठेव. आजींना त्याचीही एक वडी दे. पण रवा दह्यात अर्धा तास भिजू दे, तिथे घाई केलीस तर तोही दाताखाली कचकचेल.